छेत्री गेल्यावर गोल कोण करणार? भारतीय फुटबॉल संघाच्या १६ महिन्यांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

६ जून २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर भारत-कुवेत सामना ०-० असा सुटला आणि सुनील छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. सामना १५१वा, खात्यावर ९४ गोल. पहिला सामना १२ जून २००५चा, क्वेट्टाला, पाकिस्तानविरुद्ध. गोल त्यातही होता. मधल्या १९ वर्षांत प्रशिक्षक बदलले, देशातली मुख्य लीगही बदलली, पण ‘गोल कोण करणार?’ या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत एकच राहिलं.

निवृत्ती अचानक आली असं म्हणता येणार नाही. १६ मेला त्याने व्हिडिओतून ती जाहीर केली होती आणि तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. गडबड होती ती निरोपाच्या सामन्याच्या निवडीत. कुवेतविरुद्धची लढत विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतली होती आणि ती जिंकणं निकडीचं होतं. बरोबरीमुळे पाच दिवसांनी दोह्यात थेट कतारला हरवण्याची वेळ आली, तीही छेत्रीशिवाय. तिथे ३७व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल केला आणि भारत ७३व्या मिनिटापर्यंत पुढे होता. मग कतारची बरोबरी झाली. चेंडू रेषेबाहेर गेला होता, पंचांनी खेळ थांबवला नाही, व्हिडिओ पंचही नव्हते. पुढे दुसरा गोल झाला आणि सामना २-१ गेला. जिंकलो असतो तर आठ गुण झाले असते आणि सात गुणांवर थांबलेल्या कुवेतला मागे टाकून तिसरी फेरी गाठता आली असती. त्या बाद होण्याचं खापर कतारच्या वादग्रस्त गोलवर फुटलं. ते काही अंशी खरं आहे. मात्र आधीच्या पाच सामन्यांतल्या एखाद्या बरोबरीचं विजयात रूपांतर करायला कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

वर्षभर आधीचं चित्र अगदी उलटं होतं. २०२३मध्ये भारताने घरच्या मैदानांवर तीन स्पर्धा जिंकल्या: इंफाळची तिरंगी, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल करंडक आणि बेंगळुरूची सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धा. सॅफमध्ये सर्वाधिक पाच गोल छेत्रीचेच होते, त्यात पाकिस्तानविरुद्धची हॅट्ट्रिक. जुलै २०२३मध्ये संघ फिफा क्रमवारीत ९९वा होता. नोव्हेंबरमध्ये कुवेतमध्ये जाऊन कुवेतला १-० हरवलं, गोल मनवीर सिंगचा. तिथून पुढे संघ ४८९ दिवस एकही सामना जिंकला नाही.

अडचण नेमकी कुठे होती

‘छेत्री गेला आणि गोल आटले’ असं सरसकट बोललं जातं. २०२४चे सामने ओळीने मांडले तर ते टिकत नाही. त्या वर्षी छेत्री असताना भारत सहा सामने खेळला: आशियाई करंडकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, मार्चमध्ये अफगाणिस्तानशी दोनदा, आणि कुवेत. या सहांत मिळून एक गोल झाला. तो गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध, पेनल्टीवर, छेत्रीचाच, त्याच्या १५०व्या सामन्यात. तो सामनाही १-२ असा हरला. छेत्री गेल्यावर त्याच वर्षी पाच सामने झाले आणि त्यांत तीन गोल झाले.

म्हणजे गोल आधीच आटले होते. छेत्री मैदानावर होता तोवर ते झाकलं जात होतं, कारण दर सामन्यानंतर ‘आज त्याचा दिवस नव्हता’ असं म्हणून पुढे जाता येत होतं. ती सोय ६ जूनला संपली.

दुसरं म्हणजे ‘एक स्ट्रायकर गेला’ असं म्हटलं की एकच जागा रिकामी झाल्यासारखं वाटतं. रिकाम्या चार झाल्या होत्या. पेनल्टी घेणारा. कर्णधार. मधल्या फळीत उतरून चेंडू घेणारा आणि विंगरला पुढे सोडणारा. आणि चौथा, सगळ्यात अवघड: क्रॉस येण्याआधी अर्धा सेकंद बचावपटूच्या पुढे सरकणारा. छेत्रीची उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, तरी त्याने डोक्याने भरपूर गोल केले. उडी त्याची फार मोठी नव्हती, पावलं वेळेवर पडायची. कर्णधारपद एका दिवसात दुसऱ्याला देता येतं. दोह्यात ते गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूकडे गेलंच. पेनल्टीही कुणाला तरी नेमून देता येते. चौथी गोष्ट शिबिरात शिकवून येत नाही, ती क्लबच्या सामन्यांत वर्षानुवर्षं त्याच जागेवर उभं राहून येते.

आणि क्लबमध्ये ती जागा भारतीयांना मिळत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात. क्लब त्यांना कुठे लावतात? गोल करायला आणि गोल अडवायला. मधला स्ट्रायकर परदेशी, मधला बचावपटू परदेशी, खेळ रचणारा परदेशी. भारतीय मुलगा वेगवान असेल तर विंगला, दमदार असेल तर फुलबॅकला. २०१४ ते २०२४-२५ या अकरा मोसमांत सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. मनवीर सिंग क्लबमध्ये उजव्या विंगवर खेळतो आणि देशासाठी त्याला मध्ये उभं केलं जातं. महिन्याचे २५ दिवस टचलाइनजवळ धावणाऱ्याला पाच दिवस गोलकडे पाठ करून बचावपटू अंगावर घ्यायला सांगितलं तर त्याची पावलं चुकणारच. खुद्द छेत्रीसुद्धा २०१७-१८मध्ये बेंगळुरूकडून डावीकडून खेळला, कारण मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू होता. मिकूचे १५ गोल, छेत्रीचे १४. त्याला ते जमलं, कारण स्ट्रायकरपण त्याच्या अंगात आधीच मुरलं होतं. (जुना काळ फार वेगळा होता अशातला भाग नाही. गोव्यात डेम्पोकडून छेत्री खेळला तेव्हा तिथे रँटी मार्टिन्स गोलांचे ढीग घालतच होता.)

मागच्या खेपेला वारसा कसा दिला गेला होता, तेही पाहायला हवं. बायचुंग भुतियाने ऑगस्ट २०११मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा छेत्री सहा वर्षं त्याच्या शेजारी खेळून झाला होता. २००८च्या एएफसी चॅलेंज करंडकाच्या दिल्लीतल्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, त्यात तीन गोल छेत्रीचे आणि एक भुतियाचा. भुतिया गेल्यावर चार महिन्यांत झालेल्या सॅफ स्पर्धेत छेत्रीने सात गोल केले. भुतियाला निरोप जानेवारी २०१२मध्ये बायर्न म्युनिकविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात दिला गेला. भारत ०-४ हरला, पण त्या निकालाने कशाचंही नुकसान झालं नाही. २०२४ला वारसही तयार नव्हता आणि निरोपाचा दिवसही महागात पडला.

समोर असलेले पर्याय

१. सरळ बदली खेळाडू. मनवीर, रहीम अली, फारुख चौधरी, नंतर गोव्याचा इरफान यादवाड, एडमंड लालरिंदिका अशी नावं होती. कुठल्याही प्रशिक्षकाचा हात आधी इकडेच जातो. यातल्या एकालाही आपल्या क्लबचा पहिल्या पसंतीचा मधला स्ट्रायकर म्हणून सलग मोसम मिळालेले नव्हते. त्यामुळे ‘संधी द्या, गोल येतील’ हे निम्मंच खरं होतं. संधी दोन-तीन सामन्यांची, आणि तयारी शून्य.

२. मधल्या स्ट्रायकरचा नादच सोडायचा आणि गोल विंगरकडून काढायचे. मुंबई सिटीचा छांगटे आणि मूळ गोव्याचा लिस्टन कोलासो हे दोघे देशातले सर्वांत धारदार हल्लेखोर होते. त्यांना आत वळवून दोन खोट्या स्ट्रायकरसारखं खेळवता आलं असतं. अडचण ही की मध्ये कुणी बचावपटूंना गुंतवून ठेवणारा नसेल तर आत वळलेल्या विंगरला जागाच मिळत नाही. मात्र संघाकडे खरोखर जे बळ होतं, त्याला धरून हाच पर्याय होता.

३. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो, म्हणजेच सेट पीस. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फळ देणारा मार्ग. ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर अचूक पडतो. संदेश झिंगन, अन्वर अली, राहुल भेके हे तिघेही डोक्याने चेंडू मारणारे. शिबिराचे मोजकेच दिवस मिळत असतील तर हल्ल्याची नवी रचना बसवण्यापेक्षा चार कॉर्नर घोटून घेणं शहाणपणाचं.

४. परदेशस्थ भारतीय वंशाचे खेळाडू. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे खेळाडूला आपला परदेशी पासपोर्ट सोडून भारतीय पासपोर्ट घ्यावा लागतो. हे पूर्वी घडलंय: पुणे एफसीचा इझुमी अराता जपानी नागरिकत्व सोडून २०१३मध्ये भारताकडून खेळला. पण कागदपत्रं, निवासाचा काळ, मग जुन्या देशाच्या महासंघाची परवानगी या सगळ्यात वर्षं जातात. जून २०२४ला सुरुवात केली असती तरी मार्च २०२५च्या सामन्यासाठी हा उपाय हाताशी आला नसता. तरीही तो तेव्हाच सुरू करायला हवा होता.

५. छेत्रीला परत बोलावणं. जूनमध्ये हा पर्याय कागदावर नव्हता. नऊ महिन्यांनी तोच पहिल्या क्रमांकावर आला.

काय केलं

आधी प्रशिक्षक बदलला. १७ जूनला इगोर श्टिमाच यांना काढलं आणि २० जुलैला मानोलो मार्केझ यांची नेमणूक झाली. ते तेव्हा एफसी गोवाचे प्रशिक्षक होते आणि २०२४-२५चा मोसम संपेपर्यंत दोन्ही कामं सांभाळणार असं ठरलं. भारतीय फुटबॉल महासंघाच्या बाजूने विचार केला तर यात सोय होती: माणूस भारतीय फुटबॉल ओळखणारा, आणि पूर्ण पगाराचा भार नाही. पण राष्ट्रीय प्रशिक्षकाचं निम्मं काम शिबिरांच्या मधल्या काळात असतं. इतर क्लबांचे सामने बघायचे, कोण कुठे खेळतोय हे टिपायचं, एखाद्या क्लबच्या प्रशिक्षकाला फोन करून ‘या पोराला विंगला न टाकता मध्ये वीस मिनिटं देता का?’ असं विचारायचं. हा फोन प्रतिस्पर्धी क्लबचा प्रशिक्षक करू लागला तर समोरचा तो कसा घेईल, याचा विचार नेमणुकीच्या वेळी झालेला दिसत नाही.

पहिले चार सामने असे गेले: हैदराबादला मॉरिशसशी ०-०, सीरियाकडून ०-३, व्हिएतनाममध्ये १-१, आणि हैदराबादलाच मलेशियाशी १-१. व्हिएतनामविरुद्ध फारुखचा गोल देखणा होता. सुरेश वांगजामच्या लांब चेंडूमागे धावत त्याने तो पुढे आलेल्या गोलरक्षकावरून उचलून टाकला. मलेशियाविरुद्ध गुरप्रीत गोल सोडून पुढे धावला आणि मूळच्या ब्राझीलच्या पाउलो जोसुएने रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला. बरोबरी साधली ती ब्रँडनच्या कॉर्नरवर मुंबईच्या राहुल भेकेने, हेडर मारून. २०२४ संपलं तेव्हा हिशेब होता ११ सामने, एकही विजय नाही, पाच बरोबऱ्या, चार गोल.

डिसेंबरमध्ये आशियाई करंडक २०२७च्या पात्रतेचा गट निघाला: हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. चारांपैकी एकच संघ पुढे जाणार. मानांकनात भारत गटात सर्वांत वर होता. सहा सामन्यांच्या गटात एकच जागा असेल तर घरचे तीन सामने जिंकणं हा पाया, बाहेर मिळेल तो गुण वरचा. पहिलाच सामना घरी, २५ मार्च २०२५ला, शिलाँगमध्ये बांगलादेशशी.

त्यासाठी ६ मार्चला छेत्रीच्या पुनरागमनाची घोषणा झाली. निर्णय उथळ नव्हता. त्या मोसमात छेत्रीने लीगमध्ये १४ गोल केले, भारतीयांत सर्वाधिक, तेही अनेकदा उत्तरार्धात उतरून. (त्यातला एक एप्रिलमध्ये फातोर्ड्याला, उपांत्य फेरीत, भरपाई वेळेत हेडरने केलेला. बाहेर फेकला गेला तो खुद्द मार्केझ यांचा गोवा.) फॉर्मात असलेला सर्वोत्तम भारतीय स्ट्रायकर ४० वर्षांचा असेल तर प्रशिक्षक त्याला घेणारच.

१९ मार्चला मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ३-० असा विजय मिळाला. भेकेचा गोल कॉर्नरवर, लिस्टनचा कॉर्नरवर, आणि ७६व्या मिनिटाला लिस्टनच्या क्रॉसवर छेत्रीचा ९५वा. तिन्ही हेडर. इथे एक गफलत झाली, आणि या प्रकरणातली सगळ्यात महाग गफलत तीच आहे. बातम्या छेत्रीच्या गोलच्या झाल्या. सामना मात्र पहिल्या दोन कॉर्नरनी सोडवला होता. सहा दिवसांनी बांगलादेशने इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी मध्ये उभा केला आणि भारताचा हल्ला अडवून धरला. छेत्री सुरुवातीपासून मैदानात होता. सामना ०-० राहिला आणि घरचे दोन गुण गेले.

जूनमध्ये थायलंडकडून ०-२ अशी हार झाली, मग १० तारखेला हाँगकाँग. छेत्री सुरुवातीच्या अकरा जणांत नव्हता. पूर्वार्धात आशिक कुरुनियनने गोलसमोरून चेंडू बाहेर मारला. सामना ०-० संपतोय असं वाटत असताना भरपाई वेळेत गोलरक्षक विशाल कैथ उंच चेंडू ठोशाने परतवायला पुढे आला, प्रतिस्पर्ध्याला धडकला आणि पेनल्टी गेली. स्टीफन परेराने ती मारली. तोही मूळचा ब्राझीलचा. पुनरागमन ज्या खेळाडूचं केलं, त्याला दुसऱ्याच पात्रता सामन्यात बाकावर बसवलं. ते डावपेच म्हणून योग्य असेलही, पण मग उरलेल्या चार सामन्यांत त्याचं काम काय, हे ठरवून सांगायला हवं होतं.

२ जुलैला मार्केझ गेले. आठ सामने, एक विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव, पाच गोल. त्या पाचांत सर्वाधिक दोन गोल भेकेचे, म्हणजे एका बचावपटूचे.

१ ऑगस्टला खालिद जमील आले. २०११-१२मधल्या गोव्याच्या साव्हियो मेदेरांनंतर प्रथमच भारतीय प्रशिक्षक. महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले, मुंबई एफसीचे जुने प्रशिक्षक, आणि २०१६-१७ला ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारे. त्यांनी केलेली गोष्ट साधी होती: छेत्रीला मध्य आशियाई काफा नेशन्स करंडकासाठी घेतलं नाही, आणि तिसरा पर्याय पहिला केला. ताजिकिस्तानमध्ये मोहम्मद उवैसच्या लांब थ्रोवर अन्वरचा गोल पाचव्या मिनिटाला, सेट पीसवरच झिंगनचा १३व्या मिनिटाला. यजमानांवर २-१ असा विजय. मग इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी १-१ होऊन पेनल्टींवर ३-२. उदांताचा गोल, शेवटची पेनल्टी गुरप्रीतने अडवलेली. चार सामन्यांत तीन गोल, एकही मधल्या स्ट्रायकरचा नाही, तरी पदरात तिसरा क्रमांक.

ऑक्टोबरच्या पात्रता सामन्यांसाठी मात्र छेत्री पुन्हा पथकात आला. शिवाय दरम्यान लीगच थांबली होती. हक्कांच्या करारावरून २०२५-२६चा मोसम जुलैपासून अडकला होता, त्यामुळे एरवी क्लबमध्ये मिळाली असती तेवढी मिनिटंही आघाडीपटूंच्या पायांत नव्हती.

निकाल

९ ऑक्टोबर, सिंगापूर. पूर्वार्धाच्या अखेरीस इखसान फंदीचा गोल, ४७व्या मिनिटाला झिंगनला लाल कार्ड. दहा जणांनिशी खेळून ९०व्या मिनिटाला रहीम अलीने बचावातल्या चुकीवर झडप घालून १-१ केलं. १६ महिन्यांतला हा ‘स्ट्रायकरचा’ म्हणावा असा गोल: रचना नाही, क्रॉस नाही, फक्त वास लागलेला.

१४ ऑक्टोबर, मडगावचं फातोर्डा. झिंगन निलंबित. १४व्या मिनिटाला छांगटेने लांबून सणसणीत फटका मारून पुढे नेलं. ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला सोंग उइ-यंगने दोन गोल केले. तो दक्षिण कोरियात जन्मला आणि पुढे सिंगापूरचा नागरिक झाला. १-२. चार सामन्यांत दोन गुण, आणि दोन सामने शिल्लक असताना भारत आशियाई करंडकातून बाहेर.

कतारपासून फातोर्ड्यापर्यंत १५ सामने, ११ गोल, दोन विजय. ओमानवरचा पेनल्टींचा विजय नोंदीत बरोबरीच. गोल कुणाचे? बचावपटूंचे चार: भेके दोन, अन्वर, झिंगन. विंगरचे चार: छांगटे दोन, लिस्टन, उदांता. आघाडीच्या मधल्या जागेवरच्यांचे तीन: फारुख, छेत्री, रहीम. परत बोलावलेल्या छेत्रीचा पात्रता सामन्यांतला गोल एकही नाही. गटातल्या या चार सामन्यांत भारतावर चार गोल झाले आणि त्यांतले तीन दुसऱ्या देशात जन्मलेल्या खेळाडूंनी केले. चौथा पर्याय आपण फडताळात ठेवला. इतरांनी तो वापरून झाला होता.

नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ अशी हार झाली, छेत्री त्या पथकात नव्हता. क्रमवारीत संघ १४२वर घसरला. त्याच सामन्यासाठी ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय झालेला रायन विल्यम्स संघासोबत होता, पण परवानगीचा कागद न आल्याने खेळू शकला नाही. त्याचं आजोळ मुंबईचं. कागद १६ महिने आधी हलवायला घेतले असते तर तो कुठल्या सामन्यात उभा असता, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू जून २०२४चा नव्हे, त्याच वर्षीच्या जानेवारीचा. आशियाई करंडकात तीन सामने, तीन पराभव, शून्य गोल झाल्यावर मार्चच्या अफगाणिस्तानविरुद्धच्या दोन लढतींत बदली स्ट्रायकरला सुरुवातीपासून आणि छेत्रीला शेवटच्या अर्ध्या तासात उतरवता आलं असतं. १५०व्या सामन्याचा सोहळा तेव्हाही झालाच असता. हाच प्रयोग क्लबमध्ये बेंगळुरूने पुढच्या मोसमात केला आणि १४ गोल मिळवले. म्हणजे छेत्री संपला नव्हता. ९० मिनिटांचा छेत्री संपला होता.

दुसरा, निरोपाचा सामना. तो पात्रतेबाहेर ठेवायला हवा होता, आणि ती अट खेळाडूने नव्हे, महासंघाने घालायची असते. एवढ्या मोठ्या खेळाडूला ‘तुझा शेवटचा सामना दोह्याचा असेल, कोलकात्याचा नाही’ असं सांगणं कुणाच्याही जिवावर येईल, हे मान्य. म्हणूनच असे नियम व्यक्ती समोर नसताना लिहून ठेवावे लागतात.

तिसरा, पुनरागमन. बोलावणं चूक नव्हतं, मुदत न घालणं चूक होतं. करार तोंडी का होईना, असा हवा होता: मार्च आणि जूनचे सामने, प्रत्येक वेळी ६०व्या मिनिटानंतर, आणि शिबिरात रोज सरावानंतर २० मिनिटं इरफान, रहीम, एडमंड यांच्यासोबत फक्त जवळच्या खांबाकडच्या धावा. ज्या माणसाकडे ती चौथी गोष्ट, अर्धा सेकंद आधी सरकण्याची, आहे, त्याच्याकडून गोलपेक्षा ती शिकवून घेणं जास्त गरजेचं होतं.

चौथा प्रश्न लीगच्या नियमाचा, आणि इथे उत्साहाने बोलणारे बहुतेक जण घसरतात. ‘नऊ नंबर (मधला स्ट्रायकर) भारतीयच हवा’ असा नियम लिहिता येत नाही. संघपत्रकावर भारतीय पोराचं नाव आघाडीपटू म्हणून टाकायचं आणि शिट्टी वाजली की त्याला विंगला धाडायचं, परदेशी खेळाडूला मध्ये आणायचं, कोण अडवणार? परदेशींची संख्या चारवरून तीन केली तरी क्लब आधी बचावातला परदेशी कमी करतील, स्ट्रायकर नाही. चालण्यासारखं एवढंच: सुपर कप आणि ड्युरँडसारख्या स्पर्धा पूर्णपणे भारतीय खेळाडूंच्या करणं, आय-लीगमध्ये परदेशींची मर्यादा आणखी खाली आणणं, आणि महासंघाने दर महिन्याला एक तक्ता ठेवणं: कुठल्या भारतीयाने मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर किती मिनिटं खेळली. नुसतं खेळला किती, हे पुरेसं नाही. कुठे खेळला ते हवं. असा तक्ता मार्केझ यांच्या हाती पहिल्या दिवशी असता तर मॉरिशसविरुद्ध कोणाला उभं करायचं याची अटकळ बांधावी लागली नसती.

पाचवं, सेट पीस. खालिद यांनी ऑगस्ट २०२५मध्ये जे केलं ते सप्टेंबर २०२४पासून करता आलं असतं. माणसं तीच होती. पण तिथेही आता घड्याळ चालू आहे. भेके डिसेंबर १९९०चा, झिंगन १९९३चा. कॉर्नरवर उडी मारणाऱ्या तिघांपैकी दोघांचा शेवटचा मोसम कधी येईल, हे आजच कॅलेंडरवर मांडता येतं. अन्वर अली २०००चा. त्याच्या शेजारी उडी मारायला दुसरा कोण, याचं नाव अजून ठरलेलं नाही.